‘पण त्यात तुम्ही काय केलेत?’

अपुरी साधने आणि अपुरा वेळ हाताशी असताना अवघड निर्णय घ्यावा लागला असेल, असा एखादा प्रसंग सांगा, असे माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारले, तेव्हा मला मनातून आनंदच झाला होता. रत्नागिरी तालुक्यातल्या एका लहान आंबा कॅनिंग कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करताना मी सहा हंगाम पाहिले होते आणि त्यांतला १६ मे २०२१ चा तौक्ते वादळाचा रविवार व त्यानंतरचे पाच दिवस आमच्याकडे कोणीच विसरलेले नाही. मी वाऱ्याचे वर्णन केले, आडव्या झालेल्या कलमांचे केले, वीज कशी गेली, कोरोनाच्या निर्बंधांत माणसे कशी जमवली आणि बागायतदारांचा पडलेला आंबा आम्ही कसा वाचवला, हे सगळे चार-साडेचार मिनिटे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “हे समजले. पण त्यात तुम्ही काय केलेत?” मी म्हणाले, “आम्ही सगळ्यांनी मिळून निर्णय घेतला.” त्यांनी तोच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला आणि मी तेच उत्तर थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा दिले. पंधरा दिवसांनी नकाराचा मेल आला.

ती नोकरी एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीत गुणवत्ता अधिकाऱ्याची होती. रसायनशास्त्रातली पदवी, प्रयोगशाळेतले काम, ब्रिक्स (म्हणजे रसातील साखरेचे माप), सामू (पीएच), आम्लता यांविषयीचे प्रश्न यांत मी कोठेही अडखळले नव्हते. अडखळले ते माझ्याच आयुष्यातला प्रसंग सांगताना, ही गोष्ट मला फार लागली. पुढचे अडीच महिने मी जी तयारी केली, तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते, कारण कोकणातल्या लहान कारखान्यांतून, पतसंस्थांतून, दवाखान्यांतून काम करणाऱ्या आणि आता बाहेर अर्ज करू पाहणाऱ्या अनेकांची गाडी याच ठिकाणी अडते, असे मला दिसले आहे.

या प्रकाराला बिहेविअरल इंटरव्ह्यू म्हणतात. ‘अमुक झाले तर तुम्ही काय कराल?’ असे त्यात विचारत नाहीत. ‘अमुक झाले तेव्हा तुम्ही काय केलेत?’ असे विचारतात. माणूस पुढे कसा वागेल याचा अंदाज त्याच्या बोलण्यापेक्षा तो पूर्वी कसा वागला यावरून अधिक चांगला येतो, हा त्यामागचा विचार आहे. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या निवडीच्या कामातून प्रत्यक्ष घडलेले निर्णायक प्रसंग गोळा करण्याची एक पद्धत विकसित केली आणि १९५४ साली ती लेखरूपाने मांडली. पुढे १९८० च्या दशकात टॉम जान्झ यांच्यासारख्या संशोधकांनी त्याच धर्तीवर मुलाखतीचे प्रश्न बांधले. उत्तरासाठी परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम अशी जी, त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेल्या स्टार या नावाची, चौकट सर्वत्र सांगितली जाते, ती डीडीआय या अमेरिकी सल्लागार संस्थेने रूढ केली. हे वाचून मला थोडा धीर आला. अशी मुलाखत नीट घेतली, तर प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देतात, म्हणजे ओळख, आडनाव किंवा सफाईदार इंग्रजी यांच्यापेक्षा सांगितलेल्या प्रसंगाला तिथे अधिक किंमत असते. असा प्रसंग माझ्याकडे होता आणि तो मला सांगता आला नव्हता.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. नेहमी विचारले जाणारे चाळीस प्रश्न उतरवून घेतले आणि प्रत्येकाखाली उत्तर लिहू लागले. सातव्या प्रश्नापर्यंत माझ्या लक्षात आले की मी उत्तरे घडवत होते, मला ती आठवत नव्हती. वाक्ये गुळगुळीत होती आणि त्यांतली बाई माझ्या ओळखीची नव्हती. तो कागद बाजूला ठेवून मी दुसरीकडून निघाले: प्रश्न विसरून गेल्या सहा हंगामांत जे जे घडले, ते आधी गोळा करायचे. त्यासाठी नुसत्या आठवणीवर विसंबले नाही. मोबाइलमधले फोटो महिन्यांनुसार पाहिले, कामाच्या गटावरचे व्हॉट्सअ‍ॅपचे जुने निरोप वर सरकवत वाचले आणि मालकांची परवानगी घेऊन तपासणीच्या जुन्या नोंदवह्या दोन रविवार कारखान्यात बसून चाळल्या. हंगाम मार्चच्या मध्यावर सुरू होऊन जूनच्या पहिल्या पावसाला संपतो, त्यामुळे एकेका वर्षाच्या तीन-चारच वह्या होत्या. पण त्यांतून तेवीस प्रसंग निघाले. एखाद्या पानावर नेहमीपेक्षा वेगळी नोंद दिसली, शाई बदललेली दिसली, एखादा आकडा खोडलेला दिसला, की तिथे काहीतरी घडलेले असायचे.

त्या तेवीसांतले सातच मी ठेवले. ज्या प्रसंगात मला दोन वाटांपैकी एक निवडावी लागली होती आणि मी वेगळे वागले असते तर निकाल वेगळा लागला असता, तोच ठेवायचा, हा एकच निकष मी लावला. दोन वर्षे सलग पारितोषिक मिळाल्याचा प्रसंग यात गळाला, कारण त्यात मी काही निवडले नव्हते. उलट, बॉयलरवरच्या फोरमन काकांशी सफाईच्या वेळेवरून झालेला वाद, जो मला अगदी क्षुल्लक वाटत होता, तो राहिला.

त्यानंतर मी प्रत्येक प्रसंग पानभर लिहून काढला आणि तिथे मला माझ्या भाषेतली अडचण दिसली. आमच्या वहीत ‘तपासणी करण्यात आली’, ‘माल बाजूला ठेवण्यात आला’, ‘संबंधितांना कळविण्यात आले’ असेच लिहितात. मीही सहा वर्षे तसेच लिहीत होते. या वाक्यांत काम दिसते, करणारा दिसत नाही. बोलताना मी ‘करण्यात आले’ म्हणत नाही, पण त्याच्या जागी ‘आम्ही केले’ म्हणते, आणि त्यातही करणारा दिसत नाहीच. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणाऱ्या माणसाकडे लोक जरा तिरक्या नजरेने पाहतात. घरात, वाडीत, पालखीच्या कामात, सगळीकडे ‘आम्ही’ हीच रीत आहे आणि ती चांगली रीत आहे असेच मी आजही मानते. पण मुलाखत घेणाऱ्याला एकाच माणसाला कामावर घ्यायचे असते आणि त्या ‘आम्ही’मधला माझा वाटा किती, हे मी सांगितल्याशिवाय त्याला कळायला दुसरा मार्ग नसतो.

म्हणून मी लाल पेन घेतले आणि सातही पानांवरच्या प्रत्येक ‘आम्ही’खाली आणि प्रत्येक ‘-ण्यात आले’खाली रेघ मारली. मग एकेका रेघेपाशी थांबून तिथे खरोखर कोण होते ते लिहिले: मी, मालक, फोरमन काका, निवडीच्या टेबलावरच्या मावशी, डबे सील करणारा मुलगा. एकट्या वादळाच्या पानावर एकोणीस रेघा होत्या. त्यांतल्या नऊ जागी मी होते, सहा जागी दुसरे कोणी होते आणि चार जागी कोण होते, हे मला सांगता येईना. त्या चार जागांनी मला मावशींच्या घरी नेले.

मावशी म्हणजे माझी नात्यातली मावशी नव्हे. आमच्या कारखान्यात आंबा निवडण्याच्या टेबलावर त्या बावीस वर्षे होत्या आणि सगळेच त्यांना मावशी म्हणतात. वरून अगदी निर्दोष दिसणाऱ्या हापूसच्या आत साका असतो. गर पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव झालेला असतो, आणि कापल्याशिवाय तो दिसत नाही. मावशी फळ हातात घेऊन अनेकदा आधीच सांगत. मी त्यांच्या पडवीत बसून वादळाची गोष्ट पहिल्या मुलाखतीत सांगितली होती तशीच सांगितली: सोमवारी सकाळी पडलेल्या आंब्याच्या गाड्या फाटकाशी लागल्या, वीज नव्हती, जनरेटरला डिझेल दोन पाळ्यांपुरतेच होते, आणि अशा वेळी आम्ही फळे पाण्यात टाकून तयार आणि कोवळी वेगळी केली. मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, “सोमवारी नव्हे गो. सोमवारी तू फाटकच लावायला सांगितलं होतंस.”

मला हे मुळीच आठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊन १७ मे २०२१ चे पान पुन्हा पाहिले. माझ्याच अक्षरात लिहिले होते: पडीचा माल, अकरा क्रेट, नाकारला. त्याखाली: पडीचा माल, सात क्रेट, नाकारला. पाण्याची नोंद १८ तारखेच्या पानावर होती. तीन वर्षांत माझ्या मनाने तो आदला दिवस पुसून टाकला होता आणि दुसऱ्या दिवसाची कल्पनाही माझ्या खात्यावर जमा केली होती. प्रत्यक्षात ती मावशींची होती. पूर्ण तयार झालेला हापूस पाण्यात बुडतो आणि कोवळा तरंगतो, हे बागेत वाढलेल्या माणसाला माहीत असते. मंगळवारी सकाळी माझ्याकडे येऊन, सगळा माल परत पाठवण्यापेक्षा टाकीत टाकून बघ, असे मला त्यांनी सांगितले होते.

मग मी काय केले होते? मी त्या दिवशी लगेच होकार दिला नव्हता. पहिल्या गाडीतली बुडलेली वीस आणि तरंगलेली वीस फळे मी कापून पाहिली होती. बुडलेल्या वीसांपैकी सतरांचा गर पिवळसर झालेला होता, तरंगलेल्यांपैकी तिघांचाच; हे आकडे वहीत होते. त्यावरून मी मालकांना जाऊन सांगितले की सोमवारचा माझा निर्णय चुकीचा होता, बुडालेला आणि न चिरडलेला माल आपण घेऊन आढीत घालू शकतो, मात्र त्याचा बॅच क्रमांक वेगळा ठेवायला हवा. जनरेटरवर आधी रायपनिंगच्या खोलीतला पिकलेला आंबा काढायचा आणि नव्या मालाला गवतात पिकू द्यायचे, हा क्रमही मी ठरवला होता. सोमवारी परत पाठवलेल्या दोन्ही बागायतदारांना फोनही मी केला होता. एकजण पुन्हा आला, दुसऱ्याने तोवर माल टाकून दिला होता. पाच दिवसांत जवळजवळ नऊ टन पडीचा माल आला, त्यातला सहा टनांहून थोडा अधिक आम्ही घेतला. त्याच्या पल्पचा ब्रिक्स नेहमीपेक्षा एक-दीड अंशाने कमी भरला आणि मालकांनी तो तसे सांगूनच विकला.

ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा माझ्या दृष्टीने कमी शौर्याची होती. पण ती लिहून झाल्यावर मला पहिल्यांदाच असे वाटले की हिच्यावर कोणी कितीही प्रश्न विचारले, तरी मला उत्तर देता येईल. मजबूत गोष्ट म्हणजे मोठी गोष्ट, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली. उत्तराला विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नालाही जी टिकते, ती मजबूत. पहिला प्रश्न प्रसंग विचारतो, दुसरा तपशील विचारतो, आणि तिसरा ‘असेच का?’ किंवा ‘तेव्हा तुम्हाला काय माहीत होते?’ असा येतो, तेव्हा रचलेले उत्तर विरघळायला लागते.

यानंतर सातही प्रसंग मी त्या त्या वेळी हजर असलेल्या निदान एका माणसाला सांगून तपासून घेतले. फोरमन काकांशी झालेल्या वादाची त्यांची बाजू ऐकल्यावर तर मला ती गोष्ट अर्धी पुन्हा लिहावी लागली. सफाईसाठी लाइन थांबवायला ते तयार नव्हते, कारण थंड झालेला बॉयलर पुन्हा तापायला लागणारा वेळ त्यांच्या हिशेबात होता आणि माझ्या हिशेबात तो नव्हताच. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सफाई करायचे ठरले, हे खरे, पण तो तोडगा माझ्या आग्रहातून निघाला नव्हता, त्यांच्या अडचणीतून निघाला होता.

अपयशाचा प्रसंग मात्र कोणाकडे तपासायला न्यावा लागला नाही. तो मला पूर्ण आठवत होता आणि म्हणूनच तो मी यादीतून दोनदा वगळला होता. पहिल्या मुलाखतीत ‘तुमची एखादी चूक सांगा’ असे विचारल्यावर, मी फार बारकाईने काम करते त्यामुळे कधी उशीर होतो, असे काहीसे मी बोलले होते. ते खोटे नव्हते, पण ती चूकही नव्हती. खरी चूक २०१९ च्या हंगामातली आहे. मेच्या अखेरची संध्याकाळ होती, माल तुंबला होता आणि मी पल्पच्या चाचण्यांत अडकले होते. डब्याचे झाकण सील होते तिथली कड दर अर्ध्या तासाने पाहायची असते. त्या संध्याकाळी दोन वेळा मी गेलेच नाही आणि रात्री वही पूर्ण करताना त्या दोन्ही चौकटींत बरोबरची खूण केली. तीन आठवड्यांनी गोदामात त्याच बॅचचे चौदा डबे फुगलेले सापडले. सीलिंग यंत्राचा एक रोलर सैल झाला होता. मला पाहताक्षणी कळले होते, तरी मालकांना मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले.

हा प्रसंग सांगायचा की नाही, यावर माझा आणि माझ्या मामेभावाचा बराच वाद झाला. तो म्हणत होता की गुणवत्ता अधिकाऱ्याच्या नोकरीसाठी गेलेल्या माणसाने खोटी नोंद केल्याचे स्वतःहून सांगणे म्हणजे आपल्या हाताने दार लावून घेणे. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा. मी सांगायचे ठरवले, त्याला दोन कारणे होती. लहानशी चूक शोधून ती मोठी करून सांगितली, तर तिसऱ्या प्रश्नाशी तिची हवा जाईल, हे एक. दुसरे असे की त्या चुकीनंतर मी जे बदलले, ते माझ्या सहा वर्षांतले सर्वांत चांगले काम आहे. मी ती वही कार्यालयातून काढून सीलिंग यंत्राच्या खांबाला दोरीने बांधली, प्रत्येक चौकटीत खुणेऐवजी घड्याळातली वेळ लिहायची आणि यंत्रावरच्या मुलाचीही सही घ्यायची, अशी पद्धत घातली. रात्री बसून वही पूर्ण करणे त्यानंतर कोणालाच शक्य राहिले नाही, मलाही नाही. चूक वगळली असती, तर हा बदल का केला ते सांगता आले नसते.

मामेभावाचीही तयारी त्याच काळात चालली होती. तो नुकताच पदवीधर झालेला, नोकरीचा अनुभव नाही, त्यामुळे आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे त्याला वाटत होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, त्यानंतर तो मित्रांबरोबर तिथे चिखल उपसायला गेला होता. त्याचीही गोष्ट ‘आम्ही खूप काम केले’ अशी होती. मी त्याला लाल पेन दिले. तासाभराने असे निघाले की पहिल्या दिवशी जो तो समोर दिसेल त्या घरात शिरत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने आळीभर फिरून कोणत्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत, कोठे पंप लागेल आणि कोठे नुसती फावडी पुरतील, याची यादी वहीच्या मागच्या पानावर केली होती. ते पान त्याच्याकडे अजून होते. नियोजनावरच्या कोणत्याही प्रश्नाला याहून चांगले उत्तर त्याला कोणत्याही कार्यालयात चार वर्षे काढूनही मिळाले असते, असे मला वाटत नाही.

सराव आम्ही सड्यावर केला. आमच्या घरात मोबाइलला नीट रेंज नाही. वर कातळावर, बांधाला लागून एक जागा आहे तिथे व्हिडिओ कॉल तुटत नाही, म्हणून तो आपल्या घरून आणि मी सड्यावरून, अशा संध्याकाळी सहाच्या मुलाखती आम्ही पंधरा-सोळा वेळा घेतल्या. वेळेचे बंधन दोन मिनिटांचे. पहिल्यांदा माझी वादळाची गोष्ट साडेतीन मिनिटांवर गेली आणि त्यातली दोन मिनिटे नुसत्या वाऱ्याची होती. परिस्थिती सांगायला आपल्याला आवडते, कारण तिथे आपल्यावर जबाबदारी नसते; ती मी शेवटी तीन वाक्यांवर आणली. सर्वांत जास्त वेळ माझ्या कृतीला आणि ती तशीच का केली याला ठेवला. परिणामात आकडा ठेवला आणि तो आकडा कोठून आला तेही.

भाषेचा प्रश्न होताच. मुलाखत इंग्रजीत किंवा हिंदीत होणार होती आणि माझे प्रसंग मराठीत घडले होते. आधी मी इंग्रजी उत्तरे लिहून पाठ केली. मामेभावाने मध्येच एक प्रश्न टाकला की धागा तुटायचा आणि मी पुन्हा पहिल्या वाक्याला जायचे. घोकलेल्या कवितेचे होते तसे. मग वाक्ये पाठ करणे सोडले. प्रत्येक प्रसंगाचे पाच-सहा शब्द एका चिठ्ठीवर लिहिले, जसे ‘अठरा क्रेट नाकारले, मावशी, वीस-वीस कापली, मालकांना सांगितले, दोन फोन, सहा टन’, आणि त्या खुंट्यांवरून रोज वेगवेगळ्या वाक्यांत बोलले. इंग्रजी फार सुधारले नाही. पण प्रसंग डोळ्यांपुढे असला की साधे शब्दही पुरतात.

प्रश्नांची ती चाळीसची यादी मी या टप्प्यावर पुन्हा काढली आणि कोणत्या प्रश्नाला कोणता प्रसंग चालेल ते पाहिले. सातांत बत्तीस प्रश्न बसले. ज्या कंपनीत अर्ज करतो तिची जाहीर मूल्ये आधी वाचून ठेवल्याने हे काम सोपे होते; अ‍ॅमेझॉनसारखी कंपनी तर आपली १६ नेतृत्वतत्त्वे संकेतस्थळावर प्रसिद्धच करते आणि मुलाखतीतले प्रश्न त्यांनाच धरून असतात.

दुसरी मुलाखत मुंबईत, समोरासमोर होती. रात्रीच्या गाडीने गेले, चिठ्ठ्या पर्समध्ये होत्या पण गाडीत त्या काढल्या नाहीत. तिघेजण होते. दुसराच प्रश्न असा आला: तुमच्या हाताखालच्या किंवा तुमच्यापेक्षा कमी शिकलेल्या व्यक्तीने तुमचा निर्णय चुकीचा असल्याचे दाखवून दिले, असा प्रसंग सांगा. पहिल्या मुलाखतीच्या वेळी हाच प्रश्न आला असता, तर असा प्रसंग माझ्याकडे नाही असेच मी प्रामाणिकपणे म्हणाले असते. मी १७ मेच्या पानापासून सुरुवात केली. त्यातल्या एका गृहस्थांना आंब्याची चांगली माहिती होती. बुडालेल्या फळांपैकी पुढे आढीत किती पिकली नाहीत, असे त्यांनी विचारले. तो आकडा मी नोंदवला नव्हता आणि नोंदवायला हवा होता, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

फुगलेल्या डब्यांचा प्रसंग सांगितल्यावर मात्र खोलीत थोडा वेळ शांतता होती. मग त्या तिघांतल्या बाईंनी विचारले, “कळल्यावर तुम्ही एक रात्र का थांबलात?” या प्रश्नाचा सराव आम्ही केला नव्हता. मी म्हणाले की मला भीती वाटली. नोकरी जाईल याची होतीच, पण मालक माझ्या वहीवर डोळे मिटून सही करत, तो विश्वास जाईल याची अधिक होती, आणि त्या रात्रीत गोदामातून डबे बाहेर गेले नाहीत हा माझा शहाणपणा नव्हता, माझे नशीब होते. नंतरची दहा मिनिटे त्यांनी फक्त खांबाला बांधलेल्या वहीविषयी विचारले: सही करणारा मुलगा सुट्टीवर असेल तर काय, दोघांचे मत वेगळे पडले तर काय, पावसाळी दमट हवेत कागद टिकतो का.

बारा दिवसांनी नेमणुकीचे पत्र आले. पेढे घेऊन मी आधी मावशींकडे गेले. काय विचारले, काय सांगितलेस, हे त्यांना सगळे ऐकायचे होते, म्हणून पडवीत बसून मी त्यांना ती दोन मिनिटांची गोष्ट मराठीत सांगितली. निवडीच्या टेबलावरच्या एका अनुभवी बाईंनी मला चूक दाखवली, असे म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आणि टाकीत पाणी कोणी भरलं, ते सांगितलंस?”

मला ते माहीत नव्हते. वीज नव्हती, म्हणजे पंप बंद होता, हे मी चार ठिकाणी सांगितले होते आणि तरीही टाक्या भरलेल्या कशा होत्या, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. टेबलावरच्याच दोघीजणींनी पहाटेपासून विहिरीचे पाणी कळशांनी ओढून तीन टाक्या भरल्या होत्या. त्यांतली एक आता पावस गावी दिलेली आहे, दुसरी अजून कारखान्यात येते. त्या रात्री मी वादळाचे पान काढले, त्यावर उरलेल्या एका लाल रेघेखाली त्या दोघींची नावे लिहिली आणि दुसरीला विचारायचे तीन प्रश्न समासात मांडून ठेवले.